वरीलप्रमाणे, जिल्हा पानिपत

फेब्रुवारी संपत आला की दिल्लीतल्या माणसाला कपाटापुढे उभं राहून काही ठरवता येत नाही. स्वेटर घातला तर मेट्रोत घाम फुटतो, नाही घातला तर संध्याकाळी परतताना खांदे आखडतात. गेली तीस-बत्तीस वर्षं मी नेमक्या याच दिवसांत सर्दीने बेजार असते. सोसायटीतली मुलं हातात गाइडं घेऊन फेऱ्या मारत पाठांतर करतात. सावरीची जाड लाल फुलं गाड्यांच्या टपांवर पडून चिकट होतात. आणि आमच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये, जिथे वरच्या टाकीचं पाणी झिरपून फरशी कायम ओली असते, तिथल्या भेगेत ते तण उगवतं.

फार तर वीतभर उंच. पानांवर पांढरी लव, हात लावला तर जुन्या पंच्यासारखी मऊ. शेंड्याला मळकट पिवळ्या बोंडांचा एक झुबका. फूल म्हणून कौतुक करावं असं त्यात काही नाही. झाडूवाली त्याला केराबरोबर उपटते, आठवड्याने ते पुन्हा येतं. इंग्रजीत त्याला कडवीड म्हणतात. कड म्हणजे रवंथ. ज्या गुराचं रवंथ थांबलं त्याला हे चारायचे म्हणून ते नाव पडलं, असं आमच्या जुन्या साहेबांनी सांगितलं होतं. मराठीत त्याला काय म्हणतात ते मला कधी कळलं नाही. यंदा ते दिसलं तेव्हा मला आनंद बिनंद काही झाला नाही, नुसता थकवा आला. एप्रिलअखेर मी निवृत्त होते आहे, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण ऋचा.

मी एका सरकारी वनस्पतिसंग्रहालयात काम करते. हे ऐकून नातेवाईक विचारतात, "म्हणजे बागेत का?" बाग नाही. लोखंडी कपाटं आहेत, डांबराच्या गोळ्यांचा वास आहे, आणि कपाटांत जाड कागदांवर टाचलेली वाळकी झाडं आहेत. प्रत्येक कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, कोणी गोळा केलं. झाडाची चार पानं गळाली तरी चालतं, चिठ्ठीला धक्का लागलेला चालत नाही. ठिकाण माहीत नसलेलं झाड म्हणजे पालापाचोळा, असं साहेब म्हणायचे, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच वाक्य ऐकवायचे.

ऋचा कंत्राटावर आली आहे. या सगळ्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिचं. आईवडील पुण्याचे, आयटीतले, मुलगी मात्र जन्मापासून इथलीच, दिल्लीलगतच्या इंदिरापुरमची. मराठी बोलते, वाचतेही, पण तिच्या मराठीला मधून मधून भोकं पडलेली आहेत आणि ती भोकं ती हिंदीने बुजवते. ऑफिसात मला मॅम म्हणते, आजूबाजूला कोणी नसलं की काकू. महिन्यापूर्वी दुपारी डबा खाऊन मी जरा डोळे मिटले होते, तर ती लॅपटॉप घेऊन आली.

"काकू, एक डाउट होता. हे वरील प्रमाणे कुठे आलं?"

"काय कुठे आलं?"

"गाव. वरील प्रमाणे. तिकडच्या अकरा शीट्स आहेत, सगळ्या कडवीडच्या. मॅपवर एक्झॅक्ट नाही मिळालं, म्हणून मी पानिपत डिस्ट्रिक्ट टाकलंय."

"पानिपत कशाला?"

"मराठी नाव आहे ना यार... सॉरी. म्हणजे इकडे मराठी नावाचं गाव म्हटलं की तिकडेच असणार ना. लढाईनंतर आपले लोक राहिले होते तिकडे. मला वाटलं, बिल्कुल तेच."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. पानिपतच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, कुणाच्या तरी शेतात एक लाल टाचणी रोवलेली होती. खाली लिहिलं होतं: वरील प्रमाणे, जिल्हा पानिपत, नमुने अकरा. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. ऋचाही हसायला लागली, कशाला हसतो आहोत ते न कळून. मग तिने एका चिठ्ठीचा फोटो मोठा करून दाखवला आणि माझं हसू थांबलं. अक्षर माझं होतं.

"अगं, वरीलप्रमाणे हा एकच शब्द आहे. वर लिहिलंय तसंच, असा अर्थ."

"ओह, डिट्टो!"

"डिट्टो."

"अच्छा. मग वर काय लिहिलंय?"

वर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, बघून सांगते.

अठरा वर्षांपूर्वीचा तो फाल्गुन. पहाडगंजच्या मराठी शाळेत उभी हयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि हाडाचं निभावलं तोवर छातीत कफ झाला. रिजच्या, म्हणजे दिल्लीतल्या रानटी टेकडीच्या उतारावर, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला एक लहानसं खाजगी इस्पितळ होतं, आता तिथे बँक्वेट हॉल आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर त्यांना ठेवलं होतं. हिंदूराव हे नाव त्यांना फार आवडायचं. "आपला माणूस हो, ग्वाल्हेरहून आलेला," असं त्या नर्सला मराठीतच सांगायच्या, आणि ती केरळची मुलगी मान डोलवायची.

आमचे हे मंत्रालयात होते आणि दिवस अर्थसंकल्पाचे. सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी ऑफिसनंतर ते येत, मधला अख्खा दिवस माझा. माझी रजा संपलेली. शेवटी साहेबांनीच वाट काढली. म्हणाले, "रिजवर फील्ड ड्यूटी दाखवा. रोज एक नमुना आणा, म्हणजे कुणी विचारणार नाही." रिज म्हटलं तर बाभळी, किकर, माकडं, आणि नाना तऱ्हेचं गवत. रोज निराळं काही आणता आलं असतं. पण वर चढायची ताकद माझ्यात नव्हती. इस्पितळाच्या मागे पाण्याची एक टाकी होती, ती रोज भरून वाहायची, आणि तिच्या खालच्या ओल्या जमिनीत हेच तण माजलं होतं. मी अकरा दिवस तेच उपटलं. सुट्ट्या वगळून अकरा.

उपटायला दोन मिनिटं लागतात. मी तासभर तिथे बसायचे. सिमेंटची एक उलटी कुंडी होती, तिच्यावर. मनात काही विचार येत होते असंही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी नाही, एवढंच सुख होतं. खोलीत सासूबाईंच्या श्वासाचा आवाज भरून राहिलेला असे आणि मला त्या आवाजाची भीती वाटायची. आणि मला त्यांचा कंटाळाही आला होता. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लिहायला आज माझा हात अडखळतो आहे.

मी नागपूरची. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माझं मराठी सुधारत होत्या. "'येऊन राहिले' काय? 'येते आहे' म्हण." वीस वर्षं मी पोळ्या लाटता लाटता व्याकरण ऐकलं. ऐकता ऐकता मी बोलणंच कमी केलं, ते त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. आजारपणात उलट झालं. त्या बोलेनाशा झाल्या, नुसत्या माझ्याकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, आता तरी चूक काढा काहीतरी.

एका गोष्टीपुरत्या मात्र त्या बोलत. मी टाकीपासून परत आले की विचारायच्या, "काय आणलंस?" मी ते झाड त्यांच्या हातात द्यायचे. बोटांनी लव चाचपत त्या म्हणायच्या, "याला काय म्हणायचं?"

"माहीत नाही, आई. मराठी नाव नसावं."

"नसावं म्हणजे? एवढं शिकलीस आणि झाडाला नाव नाही?"

मग त्या स्वतःच नावं पाडायला लागायच्या. एक दिवस 'लोकरी' म्हणाल्या आणि स्वतःच नाक मुरडलं, फारच लाडिक वाटतं म्हणून. दुसऱ्या दिवशी 'पंचाळू'. ते ऐकून मला हसू आलं, तर त्याही हसल्या, आणि हसण्याची ढास लागून नर्सला बोलवावं लागलं. त्यांचं मराठी वर्तमानपत्र दोन दिवस उशिरा यायचं. ते त्या उशाशी ठेवायच्या, जमेल तेवढं शब्दकोडं सोडवायच्या, आणि मग पान मला द्यायच्या. झाड त्याच पानात दाबून मी घरी न्यायचे. अकरा झाडं, अकरा पानं, काही पानांवर त्यांची वेडीवाकडी अक्षरं चौकोनांत.

डायरीत तारीख लिहायचे, झाडाचं नाव लिहायचे, ठिकाणाच्या रकान्याशी पेन थांबायचं. इस्पितळाची मागची टाकी असं कसं लिहिणार? फील्ड ड्यूटीचं बिंग फुटलं असतं. नंतर रिजवरचं एखादं बरंसं ठिकाण लिहू म्हणून वर एक ओळ कोरी सोडली आणि खाली अकराही वेळा वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. चिठ्ठ्याही तशाच केल्या, मराठीतच, पक्क्या इंग्रजी नंतर करू म्हणून. सरकारी नोकरीत हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात खोटं काही सांगावं लागत नाही आणि खरंही काही सांगावं लागत नाही.

अकराव्या दिवशी दुपारी मी टाकीपाशीच होते. ऊन चांगलं होतं, नीमाची पानं गळत होती, आणि मी त्या कुंडीवर बसल्या बसल्या पेंगले. किती वेळ ते सांगता येणार नाही. हातात झाड घेऊन वर गेले तर पलंगाभोवती हिरवा पडदा ओढलेला. नर्स म्हणाली, "माताजी अभी-अभी गईं. आपको बहुत ढूँढा." पाच-दहा मिनिटांत हे धावत आले, घामाघूम. मी कळवण्याआधीच कसे आले हे विचारायचंही तेव्हा सुचलं नाही. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले.

"तू होतीस ना जवळ?"

"इथेच होते," मी म्हटलं.

"बरं झालं. तू होतीस."

माणूस त्या क्षणी जे बोलतो ते त्याला पुढे जन्मभर सांभाळावं लागतं. तेराव्याला आलेल्या आत्यांना यांनी सांगितलं, "शेवटी ही जवळ होती." दरवर्षी श्राद्धाला सांगतात. माझ्या जावेशी माझं बिनसलं तेव्हा तिलाही ऐकवलं, "तू बोलू नकोस, शेवटी आईजवळ ही होती." प्रत्येक वेळी मी पानात काहीतरी वाढायला उठते. ते झाड मात्र मी त्या संध्याकाळीही सवयीने दाबून ठेवलं. मग फील्डचं काम सोडून टेबलाचं काम मागून घेतलं. तो गठ्ठा कुठल्याशा कपाटाच्या तळाशी गेला, आणि मी तो विसरले असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी कंत्राटी मंडळींनी जुने गठ्ठे बाहेर काढले, झाडं कागदांवर चिकटवली, चिठ्ठ्या होत्या तशा लावल्या. मी ऋचाला विचारलं, "आणि ज्या वर्तमानपत्रांत ती होती, ती पानं?"

"ते तर फेकले, काकू. सगळे रद्दीत. त्यात किडे होते."

बरोबरच आहे, जुने कागद आम्ही ठेवत नाही, मीच कितीदा फेकले असतील. तरी त्या दिवशी मी पुढे काही काम करू शकले नाही.

नवी कपाटं येणार आहेत. जागा मोजून मिळणार, त्यामुळे ठिकाण नसलेले नमुने आत जाणार नाहीत, ते वेगळे काढायचे असा हुकूम आहे. वेगळे काढायचे म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आणि या तणाची गंमत अशी की ते इतकं सगळीकडे असतं की कुणी गोळाच करत नाही. दुर्मीळ झाडासाठी लोक दरीत उतरतात, पायाखालच्यासाठी कोण वाकणार? आमच्या कपाटात दिल्लीतलं कडवीड म्हणून इंग्रजांच्या काळातले दोन-तीन कागद आहेत, तपकिरी पडलेले, आणि मग एकदम माझे अकरा. ते गेले तर त्या वर्षांत हे झाड दिल्लीत होतं याला आमच्याकडे पुरावा उरणार नाही.

ऋचा तीन आठवडे मागे लागली होती. "काकू, दिल्ली रिज टाकून देऊ? कोण बघतंय?" मी जवळजवळ हो म्हटलं होतं. दिल्ली रिज हे खोटं नव्हतं. पण टाचणी रोवायला तिला नेमकी जागा हवी होती, आणि तिने नकाशा पुढे सरकवला तेव्हा माझं बोट रिजच्या हिरव्या पट्ट्यात कुठेही टेकलं असतं तरी ते चुकीचं ठरलं असतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या, ठिकाण मोघम लिहिलं म्हणून कित्येकांना परत पाठवलं. म्हटलं, थांब, यादी मला दे. मी भरून आणते.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मी ती यादी हाताने लिहिली. अकराही ओळी पूर्ण. दिल्ली, उत्तर रिजचा उतार, हिंदूरावची बाजू, खाजगी इस्पितळाच्या मागील भिंतीलगत पाण्याची टाकी, ओली जमीन. चौथ्या ओळीला मनगट दुखायला लागलं. सातवीपाशी वाटलं, पुरे, कशाला हा खटाटोप, दीड महिन्याने मी घरी बसणार आहे. दहावी लिहिली. अकरावी लिहिली. तारखा समोर लिहिलेल्या होत्याच.

हे बाल्कनीत ऊन खात बसले होते. निवृत्त झाल्यापासून यांच्या हाती कुठलाही कागद पडला की लाल पेन बाहेर येतं. सोसायटीच्या नोटिशीसुद्धा सुधारून परत पाठवतात. तोंडाने सांगणं मला अठरा वर्षांत जमलं नव्हतं आणि त्या सकाळीही जमणार नव्हतं. म्हणून मी यादी त्यांच्यापुढे ठेवली.

"अहो, एकदा नजर टाका. सोमवारी द्यायची आहे."

त्यांनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट फिरवत वाचू लागले. तिसऱ्या ओळीत एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला. खाली कुणाचा तरी मुलगा मोठमोठ्याने प्रकाशसंश्लेषण पाठ करत होता. शेवटच्या ओळीवर बोट आलं आणि तिथेच राहिलं.

"ही तारीख बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"हे... ते आपलंच इस्पितळ?"

"हो."

"किती वाजता?"

"दुपारी. तेव्हाच. मी तिथे नव्हते. मी खाली होते, झोप लागली मला." आणि मग मी थांबूच शकले नाही. रजेचं, साहेबांचं, कुंडीचं, श्वासाच्या आवाजाचं, कंटाळ्याचंसुद्धा, सगळं सांगून टाकलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

मला वाटलं, ते उठून आत जातील. त्यांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं, परत लावलं.

"मी ऑफिसातून आलो नव्हतो त्या दिवशी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"शेवटचा आठवडाभर मी रोज बारा वाजता निघायचो. घरी प्रॉब्लेम आहे म्हणून सांगायचो, कोणी अडवायचं नाही. स्कूटर घेऊन यायचो आणि गेटपाशी लावून तिच्यावरच बसायचो. वर यायचं व्हायचं नाही माझ्याच्याने. तो आवाज..." त्यांनी हात हलवला. "त्या दिवशी वॉर्डबॉय कुणाला तरी शोधत गेटपर्यंत आला, तेव्हा कळलं. मला वाटायचं, तू आहेस वर."

"मला वाटायचं, तुम्ही कामात आहात."

खालचं पाठांतर थांबलं होतं. यांनी यादी पुन्हा उचलली, शेवटची ओळ पुन्हा वाचली, अगदी हळू, शब्दावर शब्द ठेवून.

"ही टाकी गेटपासून कितीशी लांब होती?"

"फार नाही. इमारतीला वळसा घातला की शंभरेक पावलं."

"एका बाजूला मी, एका बाजूला तू."

"हो."

"म्हणजे मधे आई," ते म्हणाले.